बारवेत घातलेला पाय

मागच्या महिन्यात आरोग्य खात्याची चार माणसं जीपमधनं आली. बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, असं म्हणत होती. आमच्या गावानं त्यांना चहा पाजला अन् परत लावून दिलं. म्हणे देवाची बारव हाय, पायऱ्या बुजवल्या तर महादेव कोपंल. कोपायचा तो कोपून गेला, बाबांनो. तुमी तवा जन्मला न्हवता.

म्हणून मी सांगते अन् माजी नात लिहिती. ती शाळेत शिकवती. म्हणली, आजी, जरा शुद्ध बोल. म्हणलं, इतकी वर्सं गप बसले, आता तोंड उघडलं तर शुद्धच पायजे व्हय तुला? जशी बोलते तशी लिही.

गावात आता दोघांच्या पायाला नारू निघालाय. पायाला फडकं बांधून, भिंतीला टेकून बसलेत. त्यांना काय होतंय ते मला इचारा. माज्या पायातनं निघालेला नारू हातभर लांब होता, अन् त्याचा वण अजून घोट्याच्या वर हाय. पण वणाचं काय घेऊन बसलात. वण दुखत न्हाय.

फोड

पोलीस अॅक्शनच्या आदल्या सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं मोगलाई होती, म्हंजे निजामाचं राज्य, अन् हद्द चार कोसांवर. जळकोटच्या बाजारातनं माल आणून आमचे मालक गावात किराण्याचं दुकान चालवायचे. घरात आमी तीनच माणसं. मालक, मी, अन् थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणायची. थोरले दीर लवकर वारले, अक्कांना मूलबाळ न्हाय. सासू-सासरेबी न्हवते. घर अक्कांच्या हातावर चालायचं. मला पाचवा महिना होता, पहिलटकरीण.

एक दिवस घोट्याच्या वर खाज सुटली. मग आग. मग फोड आला. मला वाटलं बाभळीचा काटा आत राहिला. अक्कांनी हळद-तेल लावलं, फोड वाढला. तिसऱ्या दिवशी अक्का लालसाबचाचांना घेऊन आल्या.

लालसाबचाचा आमच्या गावचे जर्रा. हाडं बसवायची, गळवं फोडायची, हे त्यांचं काम. पांढरी दाढी, बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं दाबत दाबत वर गेले. कातडीखाली सुतळीसारखी वळवळ लागली त्यांच्या बोटाला. मलाबी लागली.

"बेटी, नारू हाय," ते म्हणले.

गावात तवा जेवढी लंगडी माणसं होती, ती सगळी नारूनं लंगडी केलेली. जंत ओढताना तुटला की आतल्या आत सडतो, पाय आखडतो, अन् कुणाकुणाचा जीव जातो, हे ल्हान पोरालाबी ठाऊक होतं. मी रडाय लागले. पोटात पोर अन् पायात जंत, देवा, एकाच अंगात दोघं कशाला घातलेस, असं म्हणत होते.

मालक दारात उभे होते. त्यांचं पहिलं बोलणं काय, तर "आता घरातलं कोण बगंल?"

अक्का फणकाऱ्यानं म्हणल्या, "का? म्या मेले का काय? जावा दुकानात."

तुराटीची काडी

फोड फुटला तवा मधी पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसलं. चाचांनी ते सुतानं बांधलं अन् तुरीच्या काडीला गुंडाळलं. रोज सकाळी यायचे, काडीला एक वेढा द्यायचे, कडुनिंबाचा पाला वाटून बांधायचे अन् जायचे. एकच वेढा. मी म्हणायची, चाचा, आज दोन द्या, लवकर सुटंल. ते म्हणायचे, "सबर कर. ह्या कामात घाई केली की माणूस जातं."

ज्यांना भोगायचंय त्यांना खरं सांगते, दुखण्यापरास वाट बगणं वंगाळ. सगळा दिवस त्या एका वेढ्यासाठी जगायचं. काडी कशात आडकंल म्हणून कूस बदलायची भीती. नवऱ्यानं जवळ बसू नये वाटायचं, अन् न्हाय बसला की राग यायचा. आपल्याच अंगातलं काहीतरी रोज बोटभर बाहेर येतंय अन् ते जिवंत हाय, ह्याची किळस शेवटपर्यंत गेली न्हाय.

अन् आग. पाय चुलीत घातल्यावानी आग. चाचा म्हणले, "घंगाळात गार पाणी घे, पाय बुडव, अन् ते पाणी उकिरड्यावर वत. बारवेत पाय घालू नको. पिण्याचं पाणी हाय ते."

दोनदा बजावलं त्यांनी. मी दोनदा मान डोलवली.

पायऱ्या

बारवेला चाळीस पायऱ्या. अक्का घागरीवर घागरी आणायच्या. वैशाखाचं ऊन, वरून डोक्यावर घागर, अन् हे सगळं कशासाठी, तर माज्या पायासाठी. घंगाळातलं पाणी घटकेत कोमट व्हायचं की पुन्हा आग. अक्कांच्या मानेची शीर फुगलेली दिसायची मला. लाज वाटायची.

एका दुपारी आग सोसंना. म्या म्हणलं, "अक्का, तुमी पाणी आणूच नका. मलाच बारवेवर न्या."

"चाचा न्हाय म्हणलेत ना गं."

"चाचाच्या पायाला हाय व्हय नारू? अक्का, जीव जातोय माजा. पाया पडते."

अक्कांचा जीव इरघळला. दुपारचं बारवेवर कुणी नसतं. त्यांनी मला कवळ्यात धरलं अन् एकेक पायरी उतरवलं. शेवटच्या पायरीवर बसवलं. म्या पाय पाण्यात सोडला.

काय सांगू. सात दिवसांत पहिल्यांदा आग विझली. मी डोळे मिटले. अक्का म्हणल्या, "बग गं, काय निघतंय." पायातनं पांढरं, कांजीसारखं निघत होतं अन् हिरव्या पाण्यात पसरत होतं. आमाला वाटलं घाण चाललीय. बरं झालं म्हणलो. दोघी हसलो.

चार-पाच दुपारी गेलो आमी. नारू निघाला सगळा, न तुटता. चाचांनी काडी दाखवली अन् चुलीत टाकली. भादवा सरता सरता गंगा झाली. माजी पोर. पाय नीट, पोर नीट. अक्कांनी गावभर साखर वाटली.

मडीचं पाणी

आता एक सांगायला पायजे, न्हायतर पुढचं समजायचं न्हाय.

आमी लिंगायत. गळ्यात लिंग असतं. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करायची, त्यावरचं पाणी तीर्थ म्हणून प्यायचं, मगच तोंडात घास. मी आपली वरवरची, कधी केली कधी राहिली, पायाला फोड आल्यापासनं तर सुटलीच. अक्का पक्क्या. ताप असू दे, थंडी असू दे, पहाटेची पूजा चुकली न्हाय.

घरातलं पिण्याचं पाणी आमी दुपदरी लुगड्याच्या फडक्यानं गाळायचो, कारण बारवेत शेवाळ. पण लिंगाचं पाणी येगळं. ते मडीचं, म्हंजे सोवळ्याचं. त्याला घरातलं फडकं लावायचं न्हाय. अक्का वल्या लुगड्यानं खालच्या पायरीवर जायच्या, तांब्या बुडवायच्या, अन् ते पाणी तसंच लिंगाला. तसंच तोंडात.

तीच पायरी. मी पाय सोडून बसायची ती.

दुसरा उन्हाळा

पुढल्या उन्हाळ्यात अक्कांच्या पायाला फोड आला. गुडघ्याच्या खाली. चाचा आले, बोटानं चाचपलं. मी घंगाळ आणाय परसात गेले. जाताना मला परसात गाठलं.

"बेटी, मागल्या साली बारवेत पाय घातला होतास?"

म्या म्हणलं, "न्हाय."

ते म्हणले, "आमचे वस्ताद सांगायचे, नारूचा पाय पिण्याच्या पाण्यात गेला की साल फिरून त्या पाण्यातनं नारू निघतो. गाळून पितो तो वाचतो. ह्या घरात ती एकटी इनगाळ पिती."

"न्हाय चाचा," म्या पुन्हा म्हणलं. "म्या न्हाय घातला."

का खोटं बोलले? भ्याले. मालकांना भ्याले, गावाला भ्याले, कारण त्या साली गावात आणखी तिघांना निघाला होता, बारवेवर वंजळीनं पिणारे. पण खरं भ्याले अक्कांना. ज्या बाईनं मला कवळ्यात धरून चाळीस पायऱ्या उतरवलं, तिला कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या देवाच्या पाण्यात म्या जंत सोडला?

उद्या सांगू, असं रोज म्हणायची. आता घागरी मी आणत होते. अक्का घंगाळात पाय बुडवून बसायच्या. कितीबी आग झाली तरी "मला बारवेवर न्ये" असं एकदाबी म्हणल्या न्हायत. म्या ते घंगाळ उचलायचं अन् लांब उकिरड्यावर वतायचं. अक्का बसल्या जागेवरनं बगायच्या, नीट वतते का न्हाय ते. मला वाटायचं, चाचांनी लक्ष ठेवाय सांगितलं असंल.

उलट मलाच म्हणायच्या, "महादेवी, दोन घास जास्ती खा. पोर अंगावर पिती."

मी तो घास गिळायची.

ओढा

तवा दिवस लई वाईट आले होते. बंदुका-भाले घेतलेल्या लोकांचे जथे मोगलाईत फिरत होते. आज हे गाव लुटलं, उद्या ते जाळलं. बरीच माणसं हद्दीपलीकडं गेली. आमी थांबलो होतो, अक्कांचा नारू निम्मा निघाला होता म्हणून. चाचा म्हणले होते, "आठ दिवस हलवू नका. तुटला तर माज्या हातात काय न्हाय."

आठ दिवस कोण देतंय? चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावावर धूर दिसला. अख्खं गाव उठलं. गाडीरस्त्यावर करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका, अन् नाक्यावर तेच लोक. म्हणून सगळे ओढ्याओढ्यानं पायी निघाले. मालकांनी दुकानाला नुसती कडी घातली अन् अक्कांना पाठुंगळीला घेतलं. माज्या कडेवर गंगा.

कोसभर गेलो. ओढ्यात गोटे, शेवाळ, दोन्ही अंगाला बोरीची काटेरी जाळी. मालक घसरले. अक्कांच्या पायाची काडी जाळीत आडकली अन् वढली गेली. अक्कांनी जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येती. काडी जाळीत लोंबत होती. नारू तुटला होता.

मालकांनी पुन्हा उचललं. पन्नास पावलांवर पुन्हा खाली बसले, छाती भात्यासारखी चाललेली. गावची माणसं पुढं निघून गेली. मागनं बार ऐकू आला.

अक्का शिंदीच्या झाडाला टेकून बसल्या. म्हणल्या, "भावजी, मला इथंच ऱ्हाऊ द्या."

"वहिनी, काय बोलता!"

अक्कांनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. "हे बगा. ह्याची आण हाय तुमाला. पोरीला घ्या अन् निघा. माज्यापायी समदे मरू नका."

लिंगाची आण. आमच्यात ती मोडत न्हायत. मालक लहान लेकरावानी रडाय लागले.

मी अक्कांजवळ बसले. सांगायचं तर आता, असं मनात आलं. तोंडबी उघडलं. अक्का माज्याकडं बगत होत्या, अशा की जणू मी काय म्हणणार हाय ते ऐकायचंच न्हाय त्यांना. पटकन गंगाचं टोपरं नीट केलं अन् म्हणल्या, "ऊन लागंल तिला. पदर घे वरनं. ऊठ."

म्या म्हणलं, "अक्का, आमी येताव परत."

"व्हय, या."

बस्स. एवढंच बोलणं. मी उठले, चालाय लागले. माजा पाय नीट होता. चांगला खणखणीत. पावलापावलाला मला त्याचा राग येत होता.

छावणी

हद्दीपलीकडं छावणीत आमी पावसाळाभर राहिलो. ज्वारीची भाकरी मिळायची, अंग टाकायला तट्ट्या मिळायचा. मालक दोनदा परत जायला निघाले, दोन्ही वेळा माणसांनी धरून ठेवलं. लोक म्हणायचे, देव हाय, धीर धरा. म्या धीर धरला न्हाय. देवाला इचारलं, जिची पूजा कधी चुकली न्हाय तिलाच का? अन् उत्तर मला ठाऊकच होतं. देवानं काय केलं न्हवतं. म्या केलं होतं.

पोर तेवढी अंगावर पीत होती. बाकी माज्यात जिवंत असं काय न्हवतं.

परत

पोलीस अॅक्शन झाली अन् आमी गावाकडं आलो. आधी ओढ्यात गेलो. शिंदीखाली कोण न्हवतं.

गावात शिरलो तर लालसाबचाचांच्या घराला दार न्हवतं. छप्पर जळून खाली आलेलं. हे त्या जथ्यांनी केलं न्हवतं. हे आमच्या लोकांनी केलं, फौज येऊन गेल्यावर, सूड म्हणून. ज्या म्हाताऱ्यानं अर्ध्या गावाचे पाय वाचवले, त्याचा उजवा हात मोडला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. मरायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मला लाज वाटती हे सांगताना, पण नातीला म्हणलं, लिही.

चाचा जळक्या भिंतीच्या सावलीला बसले होते, हात गळ्यात बांधलेला. आमाला बगून रागावले न्हायत. म्हणले, "बसा."

त्यांनीच सांगितलं. आमी गेलो त्याच दिवशी, दिवस कलताना, ते अन् चाची ओढ्यात गेले अन् अक्कांना खाटेवर घालून घरी आणलं. त्या जथ्यातली माणसं दारात आली, आत कोण हाय म्हणून. चाचांनी सांगितलं, "माजी बेटी हाय, बीमार हाय." नऊ दिवस जगल्या अक्का. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप उतरला न्हाय. चाची हिरीवरनं येगळं पाणी आणून द्यायची लिंगाला. शेवटच्या दिवशीबी पूजा झाली.

"तुमच्यात बसवून पुरतात, तेवढं ठाऊक होतं," चाचा म्हणले. "आमी दोघांनीच खड्डा खणला. इभूत लावली. लिंगाला हात कसा लावायचा, म्हणून फडक्यानं धरलं अन् तिच्या डाव्या हातात ठेवलं. डावाच असतो ना? तवापासून तेच मनात घोळतंय. बरोबर केलं का म्या?"

म्या म्हणलं, "बरोबर केलं, चाचा."

मालक जागा बगायला उठून गेले. मी तिथंच राहिले. मोडक्या हाताच्या म्हाताऱ्याला असला प्रश्न पडला होता, अन् मी अजून खोटं धरून बसले होते. माज्यानं ऱ्हावलं न्हाय. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "चाचा, म्या घातला होता पाय बारवेत. तुमच्याशी खोटं बोलले. अक्कांना सांगितलं न्हाय."

त्यांनी डाव्या हातानं माजं डोकं उचललं.

"मालूम होतं तिला," ते म्हणले. "पहिल्याच दिवशी मला इचारलं, ह्या घरात आमा दोघींनाच का? म्या कारण सांगितलं, तसं तिनं कबूल केलं. मग मी परसात आलो, तुला इचारलं. तू न्हाय म्हणालीस."

त्यांनी गळ्यात बांधलेला हात सावरला.

"दुसऱ्या दिवशी ती म्हणली, चाचा, पायऱ्या म्याच उतरवल्या तिला. मला ठाऊक झालंय हे तिला कळू देऊ नका. पाजती बाई हाय. दूध आटंल तिचं."

म्हंजे ते सगळे दिवस. घंगाळ वतताना बगायच्या ते. दोन घास जास्ती खा म्हणायच्या ते. अन् ओढ्यात, मी तोंड उघडलं तवा पोरीचं टोपरं सारखं केलं ते. सगळं ठाऊक असून.

त्या सांजेला गंगाला पदराखाली घेतलं. पोर वढती, रडती, पुन्हा वढती. काय आलं न्हाय. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. मग शेळीच्या दुधावर वाढवली तिला. अक्का म्हणल्या तसंच झालं.

मालक मरेस्तोवर वहिनींचं नाव निघालं की उठून दुकानात जायचे. त्यांना म्या कधी सांगितलं न्हाय. चाचा पुढल्या साली गेले. आता हे ठाऊक असलेली मी एकटी, अन् आज तुमी.

पायऱ्या बुजवायच्या का न्हाय, ते गावानं ठरवावं. ज्यांच्या पायाला आज काडी हाय, त्यांना हात जोडून सांगते, आग झाली तर घंगाळ घ्या, अन् पाणी लांब वता. मला खरं सांगायचं होतं ते तुमाला न्हवतं. अक्कांना सांगायचं होतं.